खारपाणपट्ट्यातल्या घरात गरम पाणी: गीझर की सोलर, आणि त्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं गाव. जुनं धाब्याचं घर पाडून एकमजली स्लॅबचं बांधलंय, घरात सहा माणसं. आईला पहाटे उठून बंब पेटवणं आता झेपत नाही. विचारणारा भाऊ पुण्याला असतो आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी येऊन काम उरकायचं म्हणतो. १५ लिटरचा गीझर घ्यावा, गॅसचा घ्यावा की सरळ सोलर बसवावं, आणि शेजाऱ्याचा गीझर दोन वर्षांत गळायला लागला तसं आपल्याकडे होऊ नये म्हणून काय करावं, हे त्याला हवंय.

भाऊ, मी याच पट्ट्यात नळफिटिंगचं काम करतो. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर हा माझा फिरायचा भाग. दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा देऊ?" माझ्या लेखी तो सगळ्यात शेवटचा प्रश्न. आधी न्हाणीत कोणतं पाणी येणार, टाकी किती उंचीवर बसणार आणि भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं भोक खरंच जमिनीला जोडलंय का, एवढं बघा. यात गडबड असेल तर महागातला गीझरही शेजाऱ्याच्याच वाटेनं जातो.

पाण्यापासून सुरू करतो, कारण शेजाऱ्याचा गीझर पाण्यानंच खाल्ला असणार. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला पट्टा खारा आहे हे तुम्हाला सांगायला नको. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असावेत आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत असं आहे. आपल्याकडच्या कितीतरी बोअर ही २००० ची हद्द सहज ओलांडतात. टीडीएस, म्हणजे हेच विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं मीटर मिळतं, ते फार महाग नसतं. घेऊन या आणि बोअरचं व नळाचं पाणी वेगवेगळ्या ग्लासांत घेऊन मोजा. दोन आकडे शेजारीशेजारी पाहिले की पुढचं मी सांगायची गरज उरत नाही.

खारं पाणी दोन बाजूंनी मारतं. पहिला मार कॅल्शियमचा. थंड पाण्यात विरघळलेला चुना पाणी तापलं की बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागा धरून बसतो. ती जागा म्हणजे एलिमेंट, पाणी तापवणारी विजेची सळई. त्यावर पांढरा थर चढला की आतली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, एलिमेंट स्वतःच तापत राहतं आणि एक दिवस जळतं. गीझरमधून कडकड आवाज यायला लागला तर तो थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होतानाचा असतो. पाणी ६० अंशांच्या वर नेलं की थर फार झपाट्यानं चढतो. थर्मोस्टॅटचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवायची सवय म्हणूनच वाईट. ५० ते ५५ वर ठेवलं तरी आंघोळीला पुरून उरतं.

दुसरा मार क्लोराइडचा, म्हणजे मिठाचा. हा वरून दिसत नाही. "स्टीलची टाकी आहे, गंजत नाही" असं दुकानदार सांगतो. साध्या पाण्यात ते खरंही आहे. पण खाऱ्या आणि तेही गरम पाण्यात ३०४ ग्रेडच्या स्टीलला वेल्डिंगच्या कडेला बारीक छिद्रं पडतात. बाकी सगळी टाकी चकचकीत आणि एका टाचणीएवढ्या जागेतून धार. काचेचा मुलामा दिलेल्या टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः झिजून टाकीला वाचवते. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते. ती संपल्याचं कोणी बघत नाही, आणि मग पाळी टाकीवर येते. गीझर घेताना ही कांडी बाहेर काढून बदलता येते का आणि तालुक्याला मिळते का, एवढं विचारा. दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

आता उपाय. गीझर असो की सोलर, त्याला बोअरचं पाणी दाखवूच नका. शहानूर धरणाच्या योजनेचं नळाचं गोड पाणी तुमच्या भागात येतं. ते रोज येत नसेल, एक-दोन दिवसांआड येत असेल, तरी चालतं. त्यासाठी छतावर ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा. सहा माणसांची बादलीभर आंघोळ म्हणजे दिवसाला १२० लिटर. त्यात निम्मं गरम, निम्मं थंड. एक दिवसाआड नळ आला तरी ही टाकी पुरते आणि स्वयंपाकालाही थोडं उरतं. बोअरची टाकी संडास, धुणं, गुरं आणि आवाराला. दोन टाक्या, दोन लाइनी, आणि पाइपवर रंगाचा पट्टा मारून ठेवायचा म्हणजे पुढे कोणी फिटर आला तर चुकणार नाही.

इथं प्रत्येक घरात एक मागणी होते: "अडीअडचणीला दोन्ही टाक्या जोडून मधे एक व्हॉल्व्ह टाकून द्या ना." मी टाकत नाही. तो व्हॉल्व्ह एकदा उघडला की उघडाच राहतो, कारण गोड पाणी कमी पडलं की खारं आपोआप येतं आणि कोणाला काही जाणवत नाही. चार महिन्यांनी एलिमेंट जळतं तेव्हा सगळे फिटरकडे बघतात. नळ लांबला तर गीझर दोन दिवस बंद ठेवा, बंब आहेच.

सॉफ्टनर लावू का, असं पुढे विचाराल. सॉफ्टनर चुना काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. थर थांबतो, खारटपणा तसाच राहतो. म्हणजे एक मार वाचला, दुसरा कायम. शिवाय त्याला मीठ घालत राहावं लागतं. ज्यांच्याकडे नळच नाही त्यांच्यासाठी तो विचार ठीक. पाइपला बांधायचे चुंबकाचे पट्टे विकायला येतात, त्यावर मी गिऱ्हाइकाचा पैसा घालवत नाही.

किती लिटरचा घ्यायचा हे हिशेबानं ठरवा. हिवाळ्यात आपल्याकडे टाकीतलं पाणी पहाटे २० अंश किंवा त्याहून खाली असतं. विदर्भात फक्त ऊनच पडतं असं बाहेरच्यांना वाटतं, पण नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. हिशेबापुरतं गरम पाणी ६० अंशांचं धरू. २० अंशांचं आणि ६० अंशांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ४० अंशांचं होतं, आणि आंघोळीला तेवढंच लागतं. म्हणजे २० लिटरच्या बादलीला १० लिटर गरम पाणी. १५ लिटरचा गीझर एकदा तापला की दीड बादली मिळते. सहा माणसांना चारदा तापवावा लागेल.

१५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ०.७ युनिट वीज लागते. २००० वॅटचं एलिमेंट ते काम २१ मिनिटांत करतं. पण हे २३० व्होल्टला. गावात पहाटे सगळ्यांच्या मोटारी, हीटर, रॉड एकदम सुरू झाले की डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) टोकाच्या घरांना १७० व्होल्ट मिळणंही मुश्कील होतं. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. १७० व्होल्टला २००० वॅटचा गीझर जेमतेम ११०० वॅटचा उरतो आणि २१ मिनिटांची ३८ मिनिटं होतात. चार फेऱ्या म्हणजे अडीच तास. लेकरांची शाळा आहे, मधेच लाइन, म्हणजे वीज, गेली तर सगळंच राहिलं. यात गीझरचा दोष काही नाही, पण शिव्या तोच खातो. गावी आलात की पहाटे सहाला एकदा आणि दुपारी एकदा मल्टिमीटरनं व्होल्टेज बघून घ्या.

गॅसचा गीझर लाइनच्या भरवशावर नसतो, म्हणून लोकांना आवडतो. तुमच्या घरी मी तो बसवणार नाही, दोन कारणांनी. एक, त्याला पाण्याचा जोर लागतो. पाणी पुरेशा दाबानं आत आलं तरच आतला पडदा सरकतो आणि बर्नर पेटतो. टाकीचा तळ नळापेक्षा १० मीटर वर असेल तर १ बार दाब मिळतो. एकमजली घरात टाकी नळाच्या तीन मीटर वर, म्हणजे ०.३ बार. कधी पेटतो, कधी नुसता टिकटिक करतो. मग पंप लावा, म्हणजे परत लाइन आलीच. दुसरं कारण मोठं. बंद न्हाणीत गॅस जळाला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला चक्कर येते, कडी उघडायचं बळ राहत नाही. आपल्या न्हाण्या लहान, झरोका असला तर थंडीत त्यात पोतं कोंबलेलं. ज्याला घ्यायचाच असेल त्यानं गीझर बाहेरच्या भिंतीवर उघड्या हवेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची लाइन घ्यावी. आत लावून द्या म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

रॉडचंही इथंच सांगतो. बादलीत रॉड टाकून, पाणी तापलं का म्हणून बोट घालून बघायची पद्धत घरोघरी आहे. आपलं पाणी खारं, म्हणजे विजेला जास्तच वाट देणारं. बटण बंद करून, पिन बाहेर काढून मगच हात घालायचा. लेकरांच्या घरात रॉड नसलेला बरा.

तर माझं मत: तुमच्या घरी १०० लिटरचं काचेच्या नळ्यांचं सोलर, आणि न्हाणीत १५ लिटरचा साधा विजेचा गीझर ढगाळ दिवसांपुरता. सोलरच्या टाकीतच हीटर बसवून देतो म्हणतील, तो घेऊ नका. पावसाळी दिवशी एका माणसाच्या आंघोळीसाठी तो अख्खी १०० लिटरची टाकी तापवत बसतो: साडेचार युनिटांच्या वर वीज, आणि १७० व्होल्टला चार तासांहून जास्त वेळ. गीझर आणि सोलरच्या लाइनी न्हाणीत शेजारी आणून दोन कॉक ठेवायचे, एक बंद करून दुसरा उघडायचा. आईला दोन दिवसांत जमतं.

तांब्याच्या पत्र्याचं सपाट सोलरही मिळतं. पाणी गोड असेल तर ते छान आणि माकडांनाही दाद देत नाही. पण त्यातल्या बारीक नळ्यांत चुना धरला की साफ करणं कटकटीचं. काचेच्या नळ्या जाड असतात, एक फुटली तर एकच बदलता येते. तुमचं पाणी आज गोड असलं तरी उद्या घरच्यांपैकी कोणी बोअरचा पाइप त्यात जोडणारच नाही याची खात्री कोण देणार? म्हणून काचेच्या नळ्या.

सोलर कुठे बसतं यावर सगळा खेळ आहे. नळ्यांचं तोंड दक्षिणेला, उतार ३० ते ३५ अंशांचा. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत, पण गरज हिवाळ्यात असते आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो, म्हणून उतार अक्षांशापेक्षा जास्त ठेवायचा. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य आपल्याकडे ४५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे जेवढी वस्तूची उंची तेवढीच लांब तिची दुपारची सावली, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. छताच्या दक्षिणेला सहा फुटी कठडा किंवा शेजारच्याचं कडुलिंबाचं झाड असेल तर आधीच बघा. थंड पाण्याची टाकी सोलरच्या उत्तरेलाच ठेवा. मी अशी घरं पाहिलीत जिथं गवंड्यानं टाकीचे खांब आधी दक्षिणेला उभे केले आणि मग सोलर दिवसभर टाकीच्याच सावलीत.

थंड टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा. सोलरचा माथा छतापासून पाच फुटांच्या आसपास येतो. घेतलेल्या मॉडेलचा टेपनं मोजा, कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. म्हणजे थंड टाकीला सहा फुटांचा ओटा किंवा लोखंडी घोडा आला. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन, ते स्लॅबच्या मधोमध ठेवायचं नसतं. खांब किंवा बीम खाली असेल तिथंच घोड्याचे पाय टेकवा. गवंड्याला विचारून खूण करून घ्या, प्लास्टर झाल्यावर कोणालाच आठवत नाही.

सोलरच्या टाकीवरून एक उघडा पाइप वर जातो, त्याला व्हेंट म्हणतात. त्यातून हवा आणि वाफ निघते. त्याचं टोक थंड टाकीतल्या पाण्याच्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर टाकी भरली की व्हेंटमधून पाणी वाहत राहतं आणि लोक म्हणतात सोलर फुटलं. व्हेंटला कधीच बूच, कॉक, काहीही लावू नका. आणि सोलरला जाणारी थंड लाइन टाकीतून स्वतंत्र काढा, तिच्यावरून दुसरा नळ घेऊ नका.

पाइपबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गरम लाइनला थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी पाइप नाही, गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसीच. यूपीव्हीसी ६० अंशांना मऊ पडायला लागतो, झोके खातो आणि सांध्यातून सुटतो. मेमध्ये सोलरचं पाणी उकळीपर्यंत जातं, तिथं त्याचं काय होईल बघा. चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच हवं. पांढऱ्या पाइपचा उरलेला डबा वापरून भागवणारे फिटर असतात, डब्यावरचं नाव वाचा. सीपीव्हीसी तापला की लांबतो: १० मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला तर साधारण २५ मिलिमीटर. सरळ रेषेत दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये आवळून टाकला तर तो एल्बो तोडतो. मधे एक वळसा द्या, क्लॅम्प सैल ठेवा. नळ किंवा गीझर जोडायचा तिथं पितळी आट्याचं फिटिंग वापरा, प्लास्टिकच्या आट्यात पितळ आवळलं की आटे चिरतात. जुन्या लोखंडी पाइपला सफेदा-सुतळी चालायची, इथं टेफ्लॉन टेप.

पाइप गरजेपेक्षा जाड घेऊ नका. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. सोलरपासून न्हाणीपर्यंत १५ मीटर असेल तर सकाळी गरम पाणी यायच्या आधी चार लिटर गार पाणी येतं. गोड पाणी, तेही मोजून येणारं. अर्धा इंची घेतला तर दोन लिटरच्या आत. पण अर्ध्या इंचीला धार बारीक. तुमच्या घरी मी छतावरून उभी लाइन पाऊण इंची घेईन आणि न्हाणीतला शेवटचा तुकडा अर्धा इंची. न्हाणी सोलरच्या जितकी खाली येईल तितकं बरं. ते पहिलं गार पाणी ओतून न देता थंड पाण्याच्या बादलीत घ्यायचं. उघड्यावरच्या पाइपला काळ्या रबरी फोमची नळी चढवा आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची टेप, नाहीतर उन्हानं दोन वर्षांत फोमचा भुगा होतो. लाइन एकसारखी उतरती हवी. वर-खाली नेली की उंचवट्यात हवा अडकते आणि पाणीच येत नाही.

एका कळीनं गरम-थंड दोन्ही येतं असा मिक्सर नळ शहरात पाहून लोक मागतात. थंड लाइनला नळाचा थेट दाब किंवा पंप असेल तर थंड पाणी गरम लाइनीत घुसून सोलरच्या टाकीत चढतं आणि व्हेंटमधून वाहतं. दोन्ही लाइनी एकाच छतावरच्या टाकीवरून असतील तरच मिक्सर, नाहीतर दोन साधे नळ. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घरात मिक्सर कशाला, हे माझं वैयक्तिक मत.

आता गीझर लावतानाचं, आणि हे सगळ्यात मन लावून वाचा. तुमच्या आईचा बंब हा खराखुरा बॉयलरच आहे: मधून धुराची नळी, भोवती पाणी, खालून पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) आग. पण त्याचं झाकण सैल असतं. पाणी कितीही तापलं तरी वाफ निघून जाते. गीझरला सैल झाकण नसतं. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की ते पाव लिटरभर फुगतं, आणि त्या फुगलेल्या पाण्याला जायला जागा लागते. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडावर पितळी सुरक्षा व्हॉल्व्ह येतो, त्याचं हे काम. मर्यादेपेक्षा दाब वाढला की त्याच्या बारीक नळीतून पाणी टपकतं. लोक ती गळती समजून बूच मारतात किंवा आटे फिरवून बंद करतात. मग एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला, बटण चालूच राहिलं, तर पाणी १०० अंशांच्या वर जातं आणि दाबामुळे उकळतही नाही. टाकी फुटली की त्याच क्षणी त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती भिंतीसकट उडवते. म्हणून व्हॉल्व्ह टपकला तर खाली डबा ठेवा, नळी जोडून मोरीत सोडा, पण बंद करू नका. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह बदला. जोडायचा क्रम असा: आधी कॉक, मग सुरक्षा व्हॉल्व्ह, मग गीझर. व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्या मधे कॉक कधीही नाही.

भिंत नऊ इंची पक्क्या विटेची असेल तर लोखंडी फास्टनर पुरतात. चार इंची भिंतीत किंवा पोकळ ब्लॉकमध्ये लाकडी गुट्ट्यावर भरलेला गीझर टांगू नका, आरपार बोल्ट टाका.

विजेचं काम वायरमनकडूनच, पण तुम्ही उभं राहून बघा. १६ अँपिअरचं सॉकेट, मेनपासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर (घर लांब असेल तर ४), स्वतंत्र १६ अँपिअरची एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारं बटण), आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ही शेवटची वस्तू विजेची गळती होताच पुरवठा तोडते, तिच्यात काटकसर नको. बटण न्हाणीच्या बाहेर. अर्थिंग आपल्याकडे खास अडचणीचं आहे. काळी माती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये हातभर भेगा पडून आटते. इलेक्ट्रोड भोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. वर आपली माती खारी, ती जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप काही वर्षांत खाते. तांब्याचा मुलामा असलेली कांडी घ्या, खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ ओल राहील तिथं करा, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. काम झाल्यावर मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असं दोन्हीत मोजा. आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. भिंतीत ठोकलेला खिळा म्हणजे अर्थिंग नव्हे, आणि आता पाइप प्लास्टिकचे असल्यानं नळाला वायर बांधूनही उपयोग नाही.

काळ्या मातीचा त्रास जमिनीतल्या पाइपालाही होतो. अंगणातून लाइन न्यायची तर चर खणून आधी मुरूम किंवा रेतीचा थर, मग पाइप, मग परत मुरूम. नुसत्या काळ्या मातीत पुरलेला पाइप ती उन्हाळ्यात ओढून सांध्यातून तोडते.

सुरू करताना घाई नको. गीझरमध्ये पाणी भरून गरम नळातून न थांबता, न फुरफुरता धार येईपर्यंत बटण दाबू नका. रिकाम्यात एलिमेंट मिनिटांत जळतं आणि त्याची वॉरंटी मिळत नाही. सोलर भरायचं ते सूर्य उगवायच्या आधी, किंवा नळ्यांवर ताडपत्री टाकून. रिकामी नळी उन्हात आतून २०० अंशांच्या वर जाते. दुपारी त्यात गार पाणी सोडलं की काच तडकते, एक नाही, ओळीनं. गोड पाण्याची टाकी संपून सोलर रिकामं झालं तर हाच नियम, हे घरच्यांना बजावून ठेवा.

पुढची देखभाल थोडीच. नळ्यांवरची धूळ दोन-तीन आठवड्यांनी सकाळी धुवा. वर्षातून एकदा, दिवाळीआधी, गीझरची वीज आणि पाणी बंद करून तो रिकामा करून घ्या, एलिमेंटवरचा थर आणि मॅग्नेशियमची कांडी बघा. थर पातळ असेल तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात निघतो. हातोडीनं ठोकू नका. एप्रिलपासून अर्ध्या नळ्यांवर जुनं धोतर किंवा शेडनेट बांधा. तेव्हा गरम पाणी कोणाला नको असतं, आणि टाकी उकळून व्हेंटमधून गोड पाण्याची वाफ होत राहते. वानरांचा त्रास असेल तर नळ्यांच्या वर फूटभर अंतरावर तारेच्या जाळीची चौकट लावा. थोडी सावली पडते, पण फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही तीच वाचवते.

बंब विकू नका. तांब्याला भाव चांगला येतो म्हणून लोक पहिल्याच वर्षी मोडीत घालतात आणि जुलैत आठवडाभर ऊन नाही, लाइन नाही, की आठवण काढतात. फक्त त्याच्यासाठी पऱ्हाटीचा गंज घराशेजारी वर्षभर रचून ठेवू नका. तिच्यात गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते, हे कृषी विभागही सांगतो. तुराटी किंवा बाभळीचं सरपण ठेवा.

सामान घ्यायच्या आधी मला एवढं कळवा: दोन्ही पाण्यांचा टीडीएस, पहाटेचं व्होल्टेज, छतावर बीम कुठून कुठे गेलेत याचं हातानं काढलेलं चित्र, आणि टाकीच्या जागेपासून न्हाणीच्या नळापर्यंत टेपनं मोजलेलं अंतर. त्यावरून पाइप आणि फिटिंगची यादी मी लिहून देतो, म्हणजे दुकानात दोन एल्बो जास्त आणि एक युनियन कमी असं होणार नाही. आणि भाऊ, स्लॅबला वॉटरप्रूफिंग व्हायचं असेल तर आधी ते उरकून घ्या, घोड्याचे पाय त्याच्यानंतर.